‘भरती’ जागी होताना

‘भरती’ एकटी असली की व्यवस्थित जागी व्हायची. गाव जमलं की मात्र तिला काहीतरी व्हायचं आणि ती अर्ध्यावरच बंद पडायची.

‘भरती’ म्हणजे बोट. खाजणबेट आणि शिरवली यांच्यामधली खाडी पार करण्यासाठी बनवलेली, स्वतःच स्वतःला चालवणारी बोट. या खाडीत वाळूचे दांडे आहेत आणि प्रत्येक उधाणाला ते जागा बदलतात. काल जिथून होडी गेली तिथे आज ती रुतते. ‘भरती’च्या तळाशी पाण्यातले आवाज टिपणारा एक माइक होता; तोच तिचा ‘कान’. त्याच्या मदतीने दांडा कुठे आहे, समोरून दुसरी होडी येतेय का, हे ती ओळखायची. निदान तशी अपेक्षा होती.

त्या रविवारी सगळं खाजणबेट धक्क्यावर जमलं होतं. सातवीतली सुरंगी केळुसकर सगळ्यांच्या पुढे, पार कठड्याला चिकटून उभी होती. बोटीत तन्वीर मुकादम हा तरुण इंजिनिअर होता. बोट त्याच्याच कार्यशाळेत तयार झाली होती. शेजारी परीक्षक साळगावकर मॅडम हातात टॅब घेऊन उभ्या होत्या. बोट प्रवाशांसाठी सुरक्षित आहे की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं. आणि बोटीच्या अगदी पुढच्या टोकाशी, हातात नारळ घेऊन, गावातले सगळ्यात जुने नावाडी बाबी तांडेल उभे होते.

बाबी तांडेलांनी गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घालायचं साकडं, सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! आज ही नवी होडी तुझ्या पाण्यात उतरता हा…”

“व्हय म्हाराजा!” गाव ओरडलं.

“हिका दांड्यापासून, वाऱ्यापासून राख रे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!”

“आणि त्या कॉम्प्युटरात जो कोण बसलो असात, त्याका यावेळेक तरी सुबुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे हसत ओरडले. तन्वीरही हसला, पण जरा कसंनुसं.

खाजणबेटावर एक रीत आहे. नवी होडी सुरू करताना नारळ आधी फोडत नाहीत आणि नंतरही नाही. इंजिनाची चावी फिरते त्याच क्षणी नारळ होडीच्या टोकावर आपटायचा. होडीचा पहिला आवाज नारळाचा असला पाहिजे, असं इथले लोक मानतात. तन्वीरने मान हलवली, बटण दाबलं, आणि बाबी तांडेलांनी फाडकन नारळ आपटला.

बोटीचा आवाज आला. “इंजिन तयार. सुकाणू तयार. फळी तयार. कान…”

आणि पुढे काही नाही. पडदा काळा झाला.

मागच्या रविवारीही असंच झालं होतं. तन्वीरने पुन्हा बटण दाबलं. आता सगळे श्वास रोखून गप्प होते, तरी ‘भरती’ पुन्हा ‘कान’वरच थांबली. तिसऱ्यांदाही तेच.

“नारळ कुजको असतलो,” मागून कोणीतरी म्हणालं.

बाबी तांडेल गर्रकन वळले. “अरे मेल्या, माझ्या नारळाक कित्याक नावं ठेवतंस? हो बघ, खोबरां बघ! पांढरांशुभ्र!”

साळगावकर मॅडमनी टॅब बंद केला. त्यांचा आवाज शांत होता. “मुकादम, मी पुढच्या रविवारी येते. ती शेवटची चाचणी. तेव्हाही बोट सुरू झाली नाही तर ती मला इथे ठेवता येणार नाही. परत कार्यशाळेत जाईल, आणि पुन्हा कधी येईल ते मी आज सांगू शकत नाही.”

सुरंगी कठडा घट्ट धरून उभी राहिली. कारण ही बोट सुरू झाली तर तिचे आजोबा घरी येणार होते.

तिचे आजोबा, दिगंबर केळुसकर, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत आयुष्यभर संगणकावर काम करून बेटावर परतले होते. पण मग त्यांच्या मूत्रपिंडांनी काम करणं थांबवलं. आठवड्यातून तीनदा त्यांना शिरवलीच्या दवाखान्यात डायलिसिससाठी (यंत्राने रक्त गाळून स्वच्छ करण्यासाठी) जावं लागे. सुरंगीचे बाबा त्यांना आपल्या होडीतून न्यायचे. एकदा परतताना ओहोटी लागली आणि होडी दांड्यावर रुतली. थकलेले आजोबा पाणी चढेपर्यंत उन्हात तसेच बसून राहिले. त्यानंतर ते दवाखान्यामागे एक खोली घेऊन शिरवलीतच राहू लागले.

*

बुधवारी बाबा मासे घेऊन बाजाराला निघाले तेव्हा सुरंगीही होडीत बसली. शाळेला सुट्टी होती. आजोबांच्या खोलीत पोचल्या पोचल्या तिने सगळा प्रकार सांगितला.

आजोबा उशीला टेकून ऐकत होते. त्यांचा तो मधला दिवस होता, डायलिसिस नसलेला. अशा दिवशी त्यांचा चेहरा बरा दिसे.

“म्हणजे तन्वीरच्या कार्यशाळेत बोट नीट चालते?”

“हो. तो म्हणतो, तिथे एकदाही बंद पडली नाही. म्हणे तिला गर्दीची भीती वाटते.”

“यंत्राला भीती वाटत नाही. पण तो जे बघतोय ते खरं आहे. गर्दीत काय असतं जे कार्यशाळेत नसतं?”

“माणसं.”

“माणसं नुसती उभी राहून यंत्र बंद पडत नाही.”

सुरंगीने विचार केला. “आवाज! गाऱ्हाणं, ओरडणं, नारळ. पण आजोबा, नंतर सगळे गप्प होते, तेव्हाही ती उठली नाही. मग आवाजाचा काय संबंध?”

आजोबांनी चष्मा पुसला. “हा प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर मला आत्ता माहीत नाही. शेवटचा शब्द काय होता म्हणालीस?”

“कान.”

“नेहमी कानच?”

“नेहमी.”

“माझ्या चपला दे,” आजोबा म्हणाले.

*

तन्वीरची कार्यशाळा दोन गल्ल्या सोडून होती. आजोबांना पाहून तो उठून उभा राहिला. “सर, तुम्ही कशाला आलात? मी आलो असतो की!”

“चालायला सांगितलंय मला डॉक्टरांनी. बोटीचा मेंदू कुठाय?”

टेबलावर बोटीतून काढून आणलेली एक राखाडी पेटी होती. तिला जोडलेल्या वायरीच्या टोकाला बोटीचा पाण्यातला माइक होता आणि तो पाण्याने भरलेल्या पिंपात सोडलेला होता. पेटीतून आणखी वायरी इकडेतिकडे गेल्या होत्या. एक वायर एका लाल बटणाकडे, एक चढायच्या फळीच्या छोट्या नमुन्याकडे.

“हिला दाखव सगळं,” आजोबा म्हणाले. “मला नंतर.”

तन्वीर स्टूल ओढून बसला. “हे बघ सुरंगी. ‘भरती’चा प्रोग्रॅम नवा नाही. तो जुन्या सर्वेक्षण बोटींसाठी लिहिलेला होता. त्या बोटींमध्ये प्रत्येक कामाला वेगळं यंत्र असायचं. कानाचं वेगळं, सुकाणूचं वेगळं. आता ती यंत्रं मिळत नाहीत. म्हणून मी एक मोठा संगणक घेतला आणि त्याच्या आत जुन्या बोटीची सगळी यंत्रं आभासी रूपात (खरी नसून खऱ्यासारखी वागणारी) बनवली. जुन्या प्रोग्रॅमला वाटतं, आपण अजून जुन्याच बोटीत आहोत.”

“म्हणजे तू त्याला फसवतोस?”

“अं… हो. पण त्याच्या भल्यासाठी.”

“माझी आई कडू औषध देताना हेच म्हणते.”

आजोबा खोकल्यासारखे हसले. तन्वीर पुढे म्हणाला, “तर, खरा माइक आवाज टिपतो. मोठा संगणक तो आवाज आभासी कानात टाकतो. आणि जुन्या प्रोग्रॅमचा एक भाग, त्याला ड्रायव्हर म्हणतात (एखादं यंत्र कसं वापरायचं ते जाणणारा प्रोग्रॅम), तो आवाज आभासी कानातून उचलतो.”

“आवाज आलाय हे ड्रायव्हरला कळतं कसं? तो सारखा कानाकडे बघत बसतो का?”

“नाही, तसं केलं तर दुसरं कामच होणार नाही. कान त्याला हाक मारतो. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात (चालू काम थांबवायला लावणारा संकेत). हाक आली की संगणक हातातलं काम आहे तिथे थांबवतो, ड्रायव्हरला पाठवतो, ड्रायव्हर आवाज उचलून ठेवतो, आणि संगणक पुन्हा जिथे थांबला होता तिथून पुढे काम करतो.”

आजोबांनी हात वर केला. “आता प्रयोग. सुरंगी, पिंपाशेजारची ती पळी घे. तन्वीर, तू बोट जागी कर. आम्ही गप्प.”

तन्वीरने बटण दाबलं. “इंजिन तयार. सुकाणू तयार. फळी तयार. कान तयार. नमस्कार, मी भरती.”

“आता पिंपावर मार.”

सुरंगीने पळी पिंपावर ठाणकन मारली. “मागच्या बाजूला आवाज ऐकला,” भरती शांतपणे म्हणाली.

“छान. जागी असताना काही होत नाही. आता तिला बंद करून पुन्हा सुरू कर. आणि सुरंगी, ती ‘फळी तयार’ म्हणाली रे म्हणाली, की मार.”

“इंजिन तयार. सुकाणू तयार. फळी तयार…”

ठाण!

“कान…”

पडदा काळा झाला. तन्वीर उभाच राहिला. इतके दिवस जी गोष्ट या खोलीत एकदाही घडली नव्हती, ती आत्ता त्याच्या डोळ्यांसमोर घडली होती.

“गर्दी नाही, नारळही नाही,” सुरंगी म्हणाली. “नुसती पळी.”

“आता गप्प राहून सुरू कर,” आजोबा म्हणाले.

गप्प राहूनही ती उठली नाही. मग तन्वीरने मोठ्या संगणकाची वीजच काढली, पुन्हा जोडली, आणि ‘भरती’ सुरू केली. आता ती न अडखळता उठली.

*

आजोबा खुर्चीत बसले. कपाळावर घाम आला होता, पण डोळे चमकत होते. “सुरंगी, पहाटे होड्या येतात तेव्हा आपल्या धक्क्यावर काय होतं?”

“होडी भोंगा वाजवते. धक्क्यावरचा गडी धावत जातो, माशांची टोपली घेतो आणि बर्फाच्या पेटीत ठेवतो.”

“समज, गडी आज पहिल्यांदाच कामाला आलाय. त्याला एवढंच सांगितलंय की भोंगा वाजला की टोपली घे आणि ‘पेटीच्या जागी’ ठेव. पेटी अजून आलेलीच नाही. ती कुठे ठेवणार तेही ठरलेलं नाही. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.”

“मग तो टोपली घेऊन जाईल… आणि पेटीच नाही.”

“तो माणूस असेल तर थांबेल, विचारेल. संगणक विचारत नाही. त्याला जो पत्ता दिलाय तिथे तो टोपली ठेवतोच. पत्ता कोरा असेल तर कोऱ्या पत्त्यावर ठेवतो.”

“म्हणजे पाण्यात!”

“म्हणजे भलत्याच जागी. तिथे काही ठेवायला परवानगी नसते. म्हणून संगणक म्हणतो, हे काहीतरी भयंकर चाललंय, आणि सगळंच थांबवतो. ड्रायव्हर जागा होताना संगणकाच्या स्मृतीत आवाजासाठी जागा मागून घेतो. ती जागा म्हणजे बर्फाची पेटी. पेटी मिळण्याआधीच नारळाची हाक आली.”

“आणि दुसऱ्यांदा?” सुरंगीने विचारलं. “तेव्हा तर सगळे गप्प होते.”

आजोबांनी नुसतं पिंपाकडे बोट दाखवलं.

सुरंगी पिंपाकडे बघत पुटपुटली, “पहिली टोपली कोणी घेतलीच नाही. म्हणजे ती होडी अजून धक्क्यालाच उभी आहे. गडी पुन्हा आला की ती लगेच भोंगा वाजवते. पेटी यायच्या आत!” तिने मान वर केली. “नारळाचा आवाज आभासी कानात तसाच राहिला होता! वीज काढली तेव्हा गेला!”

“शाब्बास,” तन्वीर म्हणाला. मग कपाळाला आठी घालून तो आजोबांकडे वळला. “पण सर, हाच प्रोग्रॅम जुन्या बोटींत वर्षानुवर्षं चालला. तिथेही आवाज होतेच की. तिथे का नाही बंद पडला?”

“जुन्या बोटीतला खरा कान सुरू व्हायला किती वेळ घ्यायचा?”

“आधी तापावा लागायचा. चारपाच सेकंद तरी.”

“आणि ड्रायव्हरला पेटी मांडायला?”

“सेकंदसुद्धा नाही.” तन्वीर एकदम थांबला. “ओह. तोवर कान बहिराच असायचा. ड्रायव्हर नेहमी आधी तयार व्हायचा. चूक होतीच, पण ती दिसायला संधीच मिळाली नाही. आणि मी बनवलेला आभासी कान…”

“त्याला तापावं लागत नाही. तो क्षणात जागा होतो. ड्रायव्हरच्याही आधी.”

तन्वीर लगेच कळफलकाकडे वळला. “मग सोपं आहे. बोट जागी होत असताना एकही हाक ऐकायची नाही. जी येईल ती फेकून द्यायची. सगळं तयार झालं की ऐकायला सुरुवात.”

“करून बघ,” आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, पण तन्वीरच्या ते लक्षात आलं नाही.

काम फार नव्हतं. थोड्याच वेळात ‘भरती’ पुन्हा सुरू झाली. सुरंगीने पिंपावर एकदा, दोनदा, तीनदा पळी हाणली. “कान तयार,” भरती म्हणाली. “नमस्कार, मी भरती.”

“जमलं!” तन्वीरने टाळी वाजवली.

“अजून एकदा,” सुरंगी म्हणाली. या वेळी बोट जागी होत असताना तिने पळी बाजूला ठेवली आणि ते लाल बटण दाबलं. धक्क्यावरच्या प्रवाशाने ते दाबलं की बोटीने चढायची फळी खाली टाकायची असते.

“नमस्कार, मी भरती,” बोट म्हणाली. फळी हलली नाही. सगळे थांबले. फळी तशीच.

“फळी का येत नाही?” तन्वीरने विचारलं.

“कारण मी बटण ती जागी होत असताना दाबलं,” सुरंगी म्हणाली. “तू ती हाक फेकून दिलीस. आता मी धक्क्यावर उभी आहे, मला वाटतंय बोट फळी टाकेल. बोटीला वाटतंय कोणी आलंच नाही. आम्ही दोघी एकमेकींची वाट बघत बसणार.”

तन्वीरने डोक्याला हात लावला. “ही मुलगी मला झोपू देणार नाही, सर.”

“तिच्या आईलाही देत नाही,” आजोबा म्हणाले. “आणि तन्वीर, तळात पाणी शिरलं की हाक मारणारं यंत्रही आहे ना बोटीत? तेही तू गप्प केलंस. गड्याने भोंगा ऐकू नये म्हणून तू त्याला बहिरा केलास. मग धक्क्याला आग लागल्याची घंटाही त्याला ऐकू येणार नाही.”

तन्वीर हळूच म्हणाला, “सोपी वाट अशी आहे, सर, की बाबी तांडेलांना सांगायचं, नारळ नंतर फोडा. रविवार तरी निभावेल.”

“निभावेल. सोमवारी बोट सुरू होताना शेजारची होडी येऊन आपटली तर? लाटेने ओंडका आणून आदळला तर? खाडीला कोण सांगणार, भरती उठतेय, जरा थांब म्हणून?” आजोबा पुढे वाकले. “नारळ फोडणाऱ्याची यात काही चूक नाही. जग केव्हाही हाक मारणार. आपलं काम एवढंच की कुठल्याही क्षणी हाक आली तरी काही बिघडू नये, आणि ती हरवूही नये. सुरंगी, गड्याला तू कसं शिकवशील?”

सुरंगीने बोटांवर एकेक पायरी मोजली. मग उठून उभी राहिली, जणू गडी समोरच होता.

“आधी फक्त माशांचा भोंगा बंद करायचा. आगीची घंटा चालूच ठेवायची. मग धक्का रिकामा करायचा, म्हणजे कालच्या राहिलेल्या टोपल्या असतील तर त्या काढून टाकायच्या. मग पेटी आणायची. पेटी कुठे आहे ते गड्याला नीट दाखवायचं. मग भोंगा सुरू करायचा.”

“आणि भोंगा बंद असताना आलेली होडी?”

“भोंगा सुरू करायच्या आधी गड्याने धक्क्यावर एकदा डोकावून बघायचं. कोणी उभं असेल तर टोपली घ्यायची.”

तन्वीर भराभर टिपून घेत होता. आजोबा मात्र म्हणाले, “आधी डोकावायचं, मग भोंगा सुरू करायचा. पुन्हा बघ. सावकाश.”

सुरंगीने डोळे मिटले. गडी धक्क्यावर डोकावला. कोणी नाही. तो भोंग्याकडे वळला. तो भोंग्यापर्यंत पोचायच्या आत…

“होडी आली!” तिने डोळे उघडले. “डोकावून झालंय, भोंगा अजून बंद आहे. मधल्यामध्ये आली ती हरवली. उलटं करायला हवं. आधी भोंगा सुरू करायचा, मग डोकावायचं!”

“पण मग एकच होडी दोनदा कळेल,” तन्वीर म्हणाला. “भोंग्यानेही आणि डोकावल्यावरही.”

“कळू दे की. गडी दुसऱ्यांदा जाईल, टोपली नसेल, परत येईल. एक फेरी फुकट. कोणी पाण्यात तर पडणार नाही.”

आजोबा खुर्चीत मागे टेकले. “फुकट फेरी चालते. हरवलेली हाक चालत नाही. तन्वीर, लिही.”

तन्वीरने लिहायला घेतलं. बटण दाबताच, सगळ्याच्या आधी, कानाची हाक तेवढी बंद. आभासी कान पहिल्यासारखा कोरा. आवाजासाठी जागा, तिचा पत्ता, हाक आल्यावर कोणी धावायचं त्याचं नाव. मग हाक सुरू. मग एकदा स्वतः डोकावणं. आणि हे सगळं झाल्यावरच ‘कान तयार’ असं म्हणायचं. मग त्याने हीच पद्धत फळीलाही लावली, आणि तळातल्या पाण्याच्या यंत्रालाही.

“एक राहिलं,” सुरंगी म्हणाली. “कान कोरा केला की त्याआधीचा आवाज गेला ना? मग तो हरवलाच की.”

“गेला,” आजोबा म्हणाले. “तो मागच्या जागेपणीचा. त्याचं आता कोणाला काही करता येत नाही. जागं व्हायला सुरुवात केल्यानंतरचं मात्र काहीही सुटता कामा नये. कुठून पुढची जबाबदारी आपली, हे ठरवावं लागतं.”

संध्याकाळी बाबांची हाक आली तेव्हा सुरंगी अजून पिंपावर पळी मारत होती. ‘भरती’ दर वेळी उठत होती.

*

रविवारी वारा होता. खाडीचं पाणी धक्क्यावर आपटत होतं. साळगावकर मॅडम आधीच येऊन उभ्या होत्या. बाबी तांडेल नारळ धोतराच्या सोग्याने पुसत होते, पण पुढे यायला तयार नव्हते.

“नको रे बाबा,” ते तन्वीरला म्हणाले. “ह्यावेळेक तू तसोच चालू कर. उगाच माझ्यामुळे रवली असा कोण म्हणूक नको.”

तन्वीर काही बोलायच्या आत सुरंगी बाबी तांडेलांना म्हणाली, “तात्या, फोडा. जोरात फोडा. पाहिजे तर दोन फोडा.”

“काय गो चेडवा, खात्री हा तुका?”

सुरंगीला खात्री होती का? तिने पिंपावर कितीतरी वेळा पळी मारून पाहिली होती. पण पिंप म्हणजे खाडी नव्हे. “हो,” ती म्हणाली आणि कठड्यापाशी गेली.

गाऱ्हाणं झालं. गाव नेहमीपेक्षा हळू आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणालं. तन्वीरने बटण दाबलं आणि त्याच क्षणी नारळ बोटीच्या टोकावर फुटला. फाड! पाणी उडालं. मॅडमच्या टॅबवरही चार थेंब पडले.

“इंजिन तयार. सुकाणू तयार. फळी तयार.”

सुरंगीने कठडा धरला.

“कान तयार. नमस्कार, मी भरती. मी उठत असताना पुढच्या टोकावर काहीतरी आपटलं. बोटीला इजा झालेली नाही.”

“काहीतरी?” बाबी तांडेल ओरडले. “नारळ हा तो, गो बाये!” आणि मग हशा पिकला तो थांबेना.

साळगावकर मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बोट बंद करायला लावली, पुन्हा सुरू करायला लावली, ती जागी होत असताना स्वतः धक्क्यावरचं लाल बटण दाबलं. ‘भरती’ उठली आणि उठल्या उठल्या फळी खाली आली. मॅडमनी तळातल्या यंत्रावर बादलीभर पाणी ओतलं. बोटीने जागी होता होताच इशारा दिला. मग त्यांनी तन्वीरला विचारलं, “मागच्या वेळी काय चुकत होतं?”

“तिला सांगू दे,” तन्वीर म्हणाला.

सुरंगीने धक्का, गडी आणि पेटी, असं सगळं सांगितलं. मॅडमनी मध्येच एक प्रश्न विचारला, “डोकावणं नंतर का, आधी का नाही?” आणि तिचं उत्तर ऐकल्यावर त्यांनी टॅबवर काहीतरी लिहिलं.

“अशा आणखी बोटी तयार होतायत ना, मुकादम? हा बदल त्या सगळ्यांना पाठवा. आणि ही उद्यापासून चालू करा.”

*

मंगळवारी आजोबांचं डायलिसिस दुपारी संपलं. शिरवलीच्या धक्क्यावर सुरंगी आणि आई त्यांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. खोलीतलं बाकीचं सामान बाबा आणणार होते. आजोबांनी स्वतः लाल बटण दाबलं. फळी आली. ते हळूहळू चढले आणि खिडकीजवळ बसले.

ओहोटी लागली होती. पाणी इतकं उतरलं होतं की एका दांड्याची पाठ उघडी पडून उन्हात चमकत होती. त्यावर बगळे उभे होते. ‘भरती’ त्याला वळसा घालून गेली, मग वेग कमी करून दुसऱ्या बाजूला वळली. तिथे वर काहीच दिसत नव्हतं.

“तिथे काय आहे?” सुरंगीने विचारलं.

“नवा दांडा,” भरती म्हणाली. “काल नव्हता.”

आजोबा त्या पाण्याकडे मान वळवून बघत राहिले. मग म्हणाले, “सुरंगी, समज आत्ता समोरून होडी आली, त्याच क्षणी तळात पाणी शिरलं, आणि कोणीतरी बटणही दाबलं. तिघांनी एकदम हाक मारली. आधी कोणाकडे जायचं?”

“पाणी,” सुरंगी लगेच म्हणाली. मग थांबली. “नाही… होडी अगदी जवळ असेल तर? मला विचार करावा लागेल.”

“कर. मलाही करावा लागेल,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

खाजणबेटाच्या धक्क्यावर बाबी तांडेल एकटेच बसले होते. फळी खाली आली. आजोबा आईचा हात न धरता एकेक पाऊल टाकत उतरले.

“दिगू, इलंस?” बाबी तांडेल उठले.

“इलंय.”

“आता रवतलंस मा?”

“परवा जातलंय,” आजोबा म्हणाले. “आणि सांजेक परत येतलंय.”